‘लस शिल्लक नाही’ हे कुठल्या कागदावर लिहिलंय ते मागा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या. ऑगस्टमध्ये रात्री लाईट आली म्हणून वडील मोटार चालू करायला शेतात गेले आणि घोणस चावली, ग्रामीण रुग्णालयात नेलं तर ‘लस शिल्लक नाही, जिल्ह्याला न्या’ म्हणून चिठ्ठी हातात दिली, तिथं पोचेपर्यंत दोन तास गेले, जीव वाचला पण किडन्या गेल्या आणि आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. ताईंनी ५ जानेवारीला रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला, ११ प्रश्न आणि वर पाच वर्षांचं सगळं औषधांचं रेकॉर्ड मागितलं. उत्तर हातात पडलं १८ फेब्रुवारीला. त्यात म्हटलंय की अर्ज १५० शब्दांच्या वर आणि एकापेक्षा जास्त विषयांचा आहे म्हणून फेटाळला, केसपेपर ही वैयक्तिक माहिती आहे, साठ्याबद्दल चौकशी चालू आहे म्हणून देता येत नाही, आणि माहिती हवीच असेल तर १,४६० पानांचे २,९२० रुपये भरा. ताई विचारतात, पैसे भरू की सोडून देऊ?

सोडू नका, आणि पैसे आत्ता भरू नका. या उत्तराविरुद्ध त्यांच्याच वरिष्ठांकडे पहिलं अपील करायचं.

आधी मला सांगा ते पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट आहे ना? तुम्ही दोन्हीचे फोटो पाठवलेत, त्यात पत्रावर तारीख २ फेब्रुवारी आहे आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का १६ फेब्रुवारीचा आहे. हा शिक्का तुमच्या सगळ्या केसमधला सगळ्यात कामाचा पुरावा आहे. कायद्यानं त्यांना ३० दिवस होते, म्हणजे ४ फेब्रुवारीपर्यंत, आणि पैसे मागणारं पत्र ‘पाठवल्याची’ तारीख धरली जाते, टाईप केल्याची नाही. मुदत उलटली की कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, एक रुपयासुद्धा मागता येत नाही. ते म्हणतील २ तारखेलाच पाठवलं, म्हणून अपिलात त्यांच्या जावक रजिस्टरचं त्या दिवसाचं पान मागा. आणि पाकीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, शिक्क्याची शाई लवकर पुसट होते.

आता १५० शब्दांचं. हा नियम महाराष्ट्रात २०१२ पासून आहे, खोटं नाहीये. एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे १५० शब्द. पण ‘साधारणपणे’ हा शब्द त्या नियमातच आहे, आणि विषय जास्त असले तर पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगता येतं, असंही त्यात आहे. अख्खा अर्ज फेटाळा असं कुठेही नाही. आणि एकाच पत्रात अर्ज फेटाळायचा आणि त्याच माहितीचे पैसेही मागायचे, हे दोन्ही एकत्र टिकत नाही, हे अपिलात अगदी याच शब्दांत लिहा.

चौकशी चालू आहे हे कारण कलम ८(१)(ज) खाली देतात. नुसती चौकशी चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्यानं चौकशीत नेमका काय अडथळा येतो ते त्यांनी दाखवायचं असतं, दिल्ली हायकोर्टाचा २००७ चा भगतसिंग निकाल यावर आहे आणि तो आजही सगळीकडे वापरला जातो. ऑगस्टचं स्टॉक रजिस्टर लिहून झालेलं आहे, त्याची झेरॉक्स दिल्यानं त्यातला आकडा बदलत नाही. नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नं त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

पण ताई, तुमच्या अर्जात एक चूक झालीय आणि ती जवळजवळ सगळेच करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही विचारलंत ‘लस का नव्हती, जबाबदार कोण, काय कारवाई करणार’. हे प्रश्न अगदी रास्त आहेत, वडील मशीनला लावलेले असताना माणसाला दुसरं काय सुचणार, पण माहिती अधिकारात ‘का’ ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालात सांगितलंय की रेकॉर्डवर जे आहे ते द्यायचं, नसलेली माहिती तयार करून द्यायची गरज नाही. म्हणून प्रश्न नाही, कागद मागायचा, आणि कागदाचं नाव घेऊन मागायचा.

तुमच्या बाबतीत कागद कुठले? सर्पदंशाच्या लसीचं, म्हणजे एएसव्हीचं, स्टॉक रजिस्टरमधलं १ जुलै ते ३० सप्टेंबरचं पान. त्याच काळात जिल्ह्याला पाठवलेली लसीची मागणीपत्रं आणि त्यांना आलेली उत्तरं. ई-औषधी प्रणालीतली, म्हणजे सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीतली, त्याच काळातली लसीच्या साठ्याची प्रिंट. त्या रात्रीचं ड्युटी रजिस्टर आणि रेफरल रजिस्टरचं पान. बस. हे १५० शब्दांत आरामात बसतं, पानं पंचवीस-तीसच्या वर जात नाहीत, २ रुपये पानाप्रमाणे पैसे भरायची वेळ आली तरी साठ-सत्तर रुपयांत काम होतं. हा नवा अर्ज अपिलासोबतच वेगळा टाकून द्या, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, वडिलांचं कार्ड दारिद्र्यरेषेखालचं असेल तर त्यांच्या नावानं टाका, मग फी पण लागत नाही.

आणि अर्जात रजिस्टर ‘प्रत्यक्ष पाहायचं आहे’ हे नक्की लिहा. तो हक्क कायद्यात आहे आणि पहिल्या तासाला फी नाही. गेलात की एएसव्हीचं पान काढायला सांगा, त्यावर तारीख, बॅच नंबर, एक्सपायरी, किती आल्या, किती गेल्या, शिल्लक किती असे रकाने असतात. शिल्लकच्या रकान्यात शून्य असेल तर मागणी कधी केली हा पुढचा मुद्दा. पण शून्य नसेल तर? मी अशी एक केस बघितलीय, रजिस्टरवर साठा होता आणि पेशंटला मात्र ‘नाही’ सांगितलं होतं, कारण स्टोअरला रात्री कुलूप आणि चावी औषधनिर्मात्याकडे, इमर्जन्सीत ठेवलेल्या व्हायल, म्हणजे लसीच्या बाटल्या, संपलेल्या. म्हणून स्टोअरचं आणि इमर्जन्सीचं अशी दोन्ही रजिस्टरं मागा. आणि दोन-तीन व्हायल शिल्लक दिसल्या तर त्याला साठा म्हणू नका, विषबाधा झालेल्या माणसाला पहिला डोसच ८ ते १० व्हायलचा असतो.

केसपेपरचं ऐकून मला खरंच राग आला. ज्याचा केसपेपर त्यालाच सांगायचं ही वैयक्तिक माहिती आहे! यासाठी माहिती अधिकाराची वाटच बघू नका. वडिलांच्या सहीचा साधा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना द्या, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची आहेत. पोच मात्र घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का.

ड्युटी रजिस्टरला मात्र ते अडवतील, त्याची तयारी ठेवा. डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललंय आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झालाय. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागायचं, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येत नाही असं वाक्यही होतं, ते सगळं गेलं आणि आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. ज्यांना लपवायचंय त्यांच्या हातात हे आयतं कोलीत दिलंय असं माझं स्पष्ट मत आहे. तरी कलम ८(२) शाबूत आहे, जनहित जास्त मोठं असेल तर माहिती देता येते, आणि सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर हजर होता का यापेक्षा मोठं जनहित कुठलं. शिवाय कलम १० आहे, एखादं नाव झाकायचं असेल तर झाका पण पान द्या, हे आधीच लिहून टाका.

पहिलं अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. कुणाकडे करायचं त्याचं नाव-पत्ता त्यांच्या उत्तरातच असायला हवा, तुमच्या पत्रात तो नाहीये, ही अजून एक त्रुटी, तीही लिहा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस धरले तर २० मार्चपर्यंत वेळ आहे, पण मूळ मुदत संपल्यापासून मोजलं तर ६ मार्च येते, वाद नको म्हणून ६ च्या आत टाका. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात दुसरं अपील. दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड फक्त आयोगच लावू शकतो, पहिल्या अपिलात तो मागून उपयोग नाही. आयोगात अपिलं तुंबलेली आहेत, वेळ लागतो, म्हणून तर छोटा नवा अर्ज आत्ताच टाका म्हणतोय.

वडिलांच्या तब्येतीच्या नुकसानीच्या भरपाईचं विचारलंत. ती या कायद्यातून मिळत नाही, पण सरकारी दवाखान्यानं तातडीचा उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या केसमध्ये म्हटलंय आणि तिथं भरपाईही दिलीय. हायकोर्टात जायचं की नाही ते स्टॉकचं पान हातात आल्यावर बोलू, पण फार लांबवायचं नाही.

राहिला तुमचा भाऊ. तो आरोग्य खात्यात कंत्राटी आहे आणि त्याला फोन येतायत की बहिणीला अर्ज मागं घ्यायला सांग, नाहीतर ऑर्डर रिन्यू होणार नाही. अर्ज तुमचा आहे, माहिती कशाला हवी हे सांगायचीही तुमच्यावर सक्ती नाही, भावाचा याच्याशी काही संबंध नाही. फोन कुणाचा, कधी, काय बोलला हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायला त्याला सांगा आणि त्यानं फोनवर वाद अजिबात घालू नये. पुन्हा फोन आला तर मला कळवा, मग जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी तक्रार करू, ती मी करून देतो. अपिलाचा मसुदाही पाठवायच्या आधी मला एकदा दाखवा.