पहिला किलोमीटर फसवा असतो

प्रश्न : माझे वय ४१ आहे. सहा महिन्यांपासून मी नियमित धावते आणि सरावात ५ किलोमीटर अंतर ३२ मिनिटांत पूर्ण करते. गेल्या महिन्यात प्रथमच १० किलोमीटरच्या शर्यतीत उतरले. पहिला किलोमीटर ५ मिनिटे ४० सेकंदांत झाला, परंतु सहाव्यानंतर चालावे लागले आणि एकूण ७४ मिनिटे लागली. माझा दमच कमी पडतो का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दम तुमच्याकडे पुरेसा आहे, तो पहिल्या दोन किलोमीटरांतच संपला असावा. सरावातील तुमचा वेग किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद पडतो, आणि दुप्पट अंतराच्या शर्यतीचा पहिला किलोमीटर तुम्ही त्याहूनही ४४ सेकंद लवकर संपवलात. ढोल-ताशे, गर्दी आणि ताजे पाय यांमुळे असे बहुतेकांचे होते. शिवाय स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरेशा प्रमाणात मिळू लागेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. तोवर शरीर प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेवर भागवते, त्यामुळे वेग झेपतो आहे असे वाटते आणि धाप लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

तुमच्या सरावावरून १० किलोमीटरसाठी सुमारे ६७ मिनिटांचे लक्ष्य वाजवी वाटते. पहिले दोन किलोमीटर प्रत्येकी ७ मिनिटांत, पुढचे सहा ६ मिनिटे ४० सेकंदांच्या वेगाने आणि शेवटचे दोन साडेसहा मिनिटांनी धावल्यास बेरीज बरोबर ६७ होते. सुरुवातीला लोक भराभर पुढे जातील आणि ते पाहणे जड जाईल, हे मान्य. पण तेव्हा एखादे पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे असे समजावे. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेई यांनी २०२० मध्ये व्हॅलेन्सिया येथे १०,००० मीटरचा विश्वविक्रम २६ मिनिटे ११ सेकंदांत नोंदवला, तेव्हा त्यांचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा चार-पाच सेकंदांनी जलदच होता.

चढावर मात्र घड्याळाकडे पाहू नये. श्वासाची लय सांभाळावी आणि गेलेले सेकंद उतारावर हळूहळू भरून काढावेत. उकाडा असेल, तर लक्ष्यच दोन-तीन मिनिटांनी सैल करावे. सरावात आठवड्यातून एकदा ६ किलोमीटर धावून त्यातील शेवटचे दोन मुद्दाम जलद घ्यावेत, म्हणजे थकलेल्या पायांनी वेग वाढवण्याची सवय होईल.

प्रश्न : शर्यतीच्या प्रारंभी गर्दीत मागे उभे राहिल्यास वेळ वाया जात नाही का? आणि १० किलोमीटरच्या शर्यतीनंतर माझे घड्याळ १०.२ किलोमीटर का दाखवते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या पट्टीला, वेळ नोंदवणारी चिप असेल, तर तुमची निव्वळ वेळ तुम्ही प्रारंभरेषा ओलांडल्यापासून मोजली जाते, तेव्हा आपल्याच वेगाच्या लोकांत निर्धास्त उभे राहावे. प्रमाणित मार्गाचे अंतर वळणांवरील सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले असते, तर आपण गर्दीतून वाट काढत, वळणे बाहेरून घेत धावतो. त्यात उपग्रहावरून होणाऱ्या मोजणीतील चूकही मिसळते. म्हणून वेगाचा हिशेब घड्याळातील अंतरावर न करता रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकांवर करावा.