वाचकांचे प्रश्न : दरीतून माणूस वर आणताना

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी दोरबचावाची (दोराच्या साहाय्याने माणसाला वाचवण्याच्या कामाची) साधने आणि त्यांचे प्रशिक्षण यांविषयीची पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखक अग्निशमन दल, गिर्यारोहण संस्था आणि उद्योगक्षेत्र यांतील असल्याने उत्तरेही प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना उपयोगी पडतील इतक्या तपशिलात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या अग्निशमन केंद्राच्या हद्दीत घाटरस्ता येतो. यंदा दोरबचावाच्या साहित्यासाठी थोडा निधी मंजूर झाला आहे. पुरवठादार ‘जाड आणि मजबूत’ दोर सुचवतात, तर गिर्यारोहक मित्र स्टॅटिक रोपच (भाराने फार कमी लांबणारा दोर) घ्या म्हणतात. नेमके काय घ्यावे?
— अग्निशमन अधिकारी, रायगड जिल्हा

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय खरेदी करू नये. प्रस्तरारोहणाचा डायनॅमिक रोप पडणाऱ्या आरोहकाचा झटका शोषून घेण्यासाठी ताणला जाईल असाच बनवलेला असतो. ८० किलो भार नुसता लटकवला तरी तो दहा टक्क्यांपर्यंत लांबलेला युरोपीय मानकाला चालतो. म्हणजे शंभर मीटर खोलीवर जखमी माणूस उचलायला घेतला, की दहा मीटर दोर नुसता ताण घेण्यातच जाऊ शकतो आणि स्ट्रेचर वरखाली हेलकावत राहते. त्या हेलकाव्यात कड्याच्या धारेवर दोर करवतीसारखा घासत असतो, आणि खरा धोका तिथे आहे. बचावकार्यासाठी कमी ताणाचा कर्नमँटल (आत गाभा आणि वर विणलेले आवरण असलेला) दोर, म्हणजे ईएन १८९१ मानकातील ‘अ’ प्रकारचा, ११ मिलिमीटर जाडीचा दोर घ्यावा. भार ५० किलोंवरून १५० किलोंवर नेला असता त्याची लांबी पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये, अशी या मानकाची अट आहे.

‘मजबूत’ या शब्दावर कोणताही व्यवहार करू नका. किलोन्यूटनमध्ये आकडा मागा. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोंचा भार. जखमी व्यक्ती, तिच्याबरोबरचा बचावकर्ता, स्ट्रेचर आणि किरकोळ साहित्य मिळून २०० किलो, म्हणजे दोन किलोन्यूटन धरण्याची पद्धत आहे. चांगल्या ११ मिलिमीटर दोराची तुटण्याची मर्यादा ३० किलोन्यूटनच्या आसपास असते, परंतु त्याला एट नॉट (आठच्या आकाराची गाठ) मारली की सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताकद गाठीतच खर्च होते. उरलेले वीस किलोन्यूटन म्हणजे भाराच्या दहापट. हे दहापटीचे प्रमाण दोरापासून अँकरपर्यंत (दोर ज्याला बांधतात त्या आधारापर्यंत) प्रत्येक दुव्यात टिकते का, एवढा हिशेब खरेदीच्या यादीसमोर मांडून पाहावा. कॅराबिनरवर (साहित्य जोडण्याची, उघडणारे गेट म्हणजे झडप असलेली धातूची कडी) तीन आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेचा, आडव्या दिशेचा आणि गेट उघडे असतानाचा. पहिला आकडा वीस-पंचवीस असला तरी उरलेले दोन बहुधा सात-आठच्या घरात असतात. त्यामुळे लॉक न केलेला किंवा आडवा फिरलेला कॅराबिनर ही साखळीतील सर्वांत कच्ची कडी ठरते.

दोन गोष्टी यादीतून हमखास सुटतात. पहिली म्हणजे धारेचे संरक्षण. कडेला बसवायचे रोलर परवडत नसतील तर आपल्याच केंद्रात निकामी होऊन पडलेला कॅनव्हासचा होजपाइप उभा चिरून, त्याला बांधायची दोरी लावून उत्तम आवरण तयार करता येते. ते पहिल्याच दिवशी तयार करून दोराच्या पिशवीत ठेवावे. दुसरी गोष्ट लांबीची. आपल्याकडील घाटांत रस्त्यापासून अपघातस्थळापर्यंतचे अंतर पन्नास मीटरच्या दोराने भागत नाही. जुलै २०१८ मध्ये पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळली, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूर परिसरातील गिर्यारोहकांना शेकडो फूट खोल उतरून काम करावे लागले होते. २०० मीटरचे सलग दोन दोर घेणे हे पन्नास मीटरचे आठ तुकडे घेण्यापेक्षा फार चांगले, कारण जोडगाठ पुलीतून आणि डिसेंडरमधून (घर्षणाने दोर हळूहळू सोडण्याच्या साधनातून) पार करणे हे वेळ खाणारे आणि चुकीला वाव देणारे काम आहे. २०० मीटर दोराचे वजन पंधरा-सोळा किलो भरते, तेव्हा खांद्यावर घेता येईल अशी पिशवीही त्याच निधीतून घ्यावी.

आणि एक आग्रहाची विनंती. मंजूर रकमेचा निम्मा भाग प्रशिक्षणासाठी राखून ठेवता येत असेल तर तो ठेवाच. सीलबंद पेटीत पडून राहिलेले साहित्य मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, आणि ते पाहून फार वाईट वाटते.

प्रश्न : आमची गिर्यारोहण संस्था बचावकार्यात पोलिसांना मदत करते. आम्ही एका मुख्य दोरावर स्ट्रेचर सोडतो आणि दुसऱ्या दोराने बिले देतो, म्हणजे मुख्य दोर तुटला तर भार झेलायला तो दोर सैल धरून ठेवतो. आता दोन्ही दोरांवर सारखा भार ठेवण्याची पद्धत शिकवली जाते असे कळले. आमची जुनी पद्धत चुकीची आहे का?
— संस्थेचे सचिव, नाशिक

उत्तर : चुकीची नाही, पण तिच्या मर्यादा ओळखायला हव्यात. सैल बिलेची कसोटी मुख्य दोर तुटल्याच्या क्षणी लागते, आणि तोपर्यंत दोनशे किलोंना वेग आलेला असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्ये १९८०च्या दशकात यासाठी एक चाचणी ठरवली गेली: तीन मीटर दोरावर २०० किलोंचे वजन एक मीटर पाडायचे, ते आणखी एका मीटरच्या आत थांबले पाहिजे आणि झटका पंधरा किलोन्यूटनच्या पुढे जाता कामा नये. एका आरोहकाला बिले देण्यासाठी आपण सर्रास वापरतो ती मंटर हिच (कॅराबिनरवर मारायची घर्षणगाठ) किंवा एट-डिसेंडर (आठच्या आकाराचे डिसेंडर) बचावकार्याच्या एवढ्या भारासाठी या कसोटीवर टिकत नाही. योग्य जाडीच्या आणि योग्य लांबीच्या कॉर्डचे (बारीक दोरीचे) दुहेरी प्रुसिक, म्हणजे ताण येताच दोराला घट्ट पकडणाऱ्या दोन गाठी, हे टिकते, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे वापरात राहिले. आपल्या संस्थेत बिले मंटर हिचवर दिली जात असेल, तर पद्धत बदलायच्या आधी तेवढी एक सवय आजच बदला.

दोन्ही दोरांवर भार विभागण्याच्या पद्धतीत एक दोर निकामी झाला तरी दुसरा आधीच ताणलेला असल्याने पडण्याचे अंतर फार कमी राहते. शिवाय ताणलेला दोर सैल दोराइतका कड्यावर लोळत नाही, त्यामुळे खालच्या लोकांवर दगडही कमी येतात. आपल्या सह्याद्रीत कातळाच्या थरांमध्ये मुरूम आणि घसारा भरलेला असतो, त्यामुळे हा फायदा कागदावरचा समजू नये. मात्र या पद्धतीत दोन्ही बाजूंच्या माणसांनी सारख्या गतीने दोर सोडावा लागतो. त्यासाठी दोन्हीकडे सारखीच साधने हवीत, आणि हँडल सोडले की आपोआप थांबणारी असतील तर उत्तम. एक बाजू जलद सुटली तर सगळा भार दुसऱ्या दोरावर जातो आणि पद्धतीचा हेतूच उरत नाही. हा ताळमेळ बसायला सराव लागतो. एका शनिवार-रविवारच्या शिबिराने तो बसत नाही.

दोन दोर एकाच धारेवरून नेले असतील तर ते दोन असूनही एकच समजावेत. त्याच दगडाने दोन्ही कापले जाऊ शकतात. अँकर वेगळे घेताना धारेवरची जागाही वेगळी घ्या आणि प्रत्येक जागी आवरण घाला. धारेवर फक्त तेवढेच काम पाहणारा एक माणूस नेमा. कमी माणसे असताना हाच माणूस काढून ओढायला लावण्याचा मोह होतो, तो टाळा.

प्रश्न : प्रशिक्षणात आम्हाला ‘थ्री इज टू वन’ (पुल्या लावून एक तृतीयांश जोरात भार उचलण्याची रचना) आणि अँकरमधील कोन यांचे गणित शिकवले, परंतु प्रत्यक्ष ओढताना ते जुळत नाही. असे का?
— बचाव पथकातील सदस्य, सातारा

उत्तर : वर्गातल्या गणितात घर्षण नसते. तीनास एक या रचनेत २०० किलोंचा भार उचलायला ६७ किलोंचा जोर पुरावा, असे पुस्तक सांगते. प्रत्येक पुली आपल्यापर्यंत आलेल्या जोराचा नव्वद टक्के पुढे देते असे धरले, तर तीन पदरांतील जोर अनुक्रमे १, ०.९ आणि ०.८१ होतो, बेरीज २.७१. म्हणजे ७४ किलोंचा जोर लागेल. पुल्यांऐवजी नुसते कॅराबिनर वापरले आणि प्रत्येक वळणावर निम्मा जोर वाया गेला, तर बेरीज १.७५ वर येते आणि तोच भार उचलायला ११४ किलोंचा जोर लागतो. त्यात कड्याच्या धारेवरचे घर्षण अजून धरलेले नाही. चांगल्या दोन पुल्या आणि धारेवर एक रोलर यांनी जे साधते ते आणखी चार माणसे लावून साधत नाही, कारण ओल्या उतारावर त्या चार माणसांना पाय रोवायला जागाच नसते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जोर कमी पडतो म्हणून कोणी नऊस एक रचना लावते, आणि मग स्ट्रेचर एखाद्या कपारीखाली अडकले तरी ओढणाऱ्यांच्या हाताला ते कळत नाही. चार माणसांनी मिळून शंभर किलोंचा जोर लावला तरी घर्षण वगळता नऊशे किलोंपर्यंतचा ताण त्या अडकलेल्या जागी पोचू शकतो. म्हणून आवश्यक तेवढीच रचना वापरावी, आणि नेहमीपेक्षा जड लागले की आधी थांबून कारण शोधावे.

कोनाबद्दल एवढे लक्षात ठेवा, की दोन अँकर जोडणाऱ्या पदरांमधील कोन जितका मोठा तितका प्रत्येक अँकरवरचा भार जास्त. २०० किलोंसाठी ६० अंशांत प्रत्येकावर ११५ किलो येतात, ९० अंशांत १४१, तर १२० अंशांत प्रत्येक अँकर पूर्ण २०० किलो पेलत असतो; म्हणजे दोन अँकर घेऊन भार काहीच वाटला जात नाही. १५० अंशांत हाच आकडा ३८६ होतो. घाटात संरक्षक कठड्याच्या दोन दूरच्या खांबांना स्लिंग (पट्ट्याचा फास) बांधून मधून दोर सोडताना हा कोन नकळत मोठा होतो. कठड्याचा खांब किती खोल गाडला आहे हे बाहेरून दिसत नसल्याने मी तो एकमेव आधार म्हणून कधीच धरणार नाही. जड वाहन हा बरा पर्याय आहे. चाकांना अडण लावावी, हँडब्रेक ओढावा, आणि चावी काढून पथकप्रमुखाच्या खिशात ठेवावी.

प्रश्न : मी पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो आणि उंचीवरील बचावाचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. या पात्रतेवर मला डोंगरी बचाव पथकात सहभागी होता येईल का? हार्नेसमध्ये (अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांत) लटकून राहिलेल्या माणसाला लगेच आडवे करू नये असेही शिकवले होते. ते खरे आहे का?
— तंत्रज्ञ, पाटण

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. लटकलेल्या माणसाला सोडवल्यावर अर्धा तास बसते ठेवावे, असे पूर्वी शिकवले जात असे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात या सल्ल्याला पुरावा आढळला नाही. बेशुद्ध माणसाला नेहमीप्रमाणे आडवे करून श्वासमार्ग मोकळा ठेवावा आणि नेहमीचेच प्रथमोपचार करावेत. हार्नेसमध्ये निश्चल लटकणे हे मात्र खरोखर घातक आहे. काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्यामुळे अग्निशमन दल येईपर्यंत वाट पाहणे ही योजना होऊ शकत नाही. सहकाऱ्याला खाली आणण्याची साधने आणि माणसे कामाच्या जागीच हवीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आपला पाया चांगला आहे, पण तो वेगळ्या जागेसाठी घातलेला आहे. पवनऊर्जा क्षेत्रातील जागतिक संघटनेचे उंचीवरील कामाचे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते, आणि त्यात अँकर कुठे आहे हे आधीच ठरलेले असते. ‘इराटा’ या औद्योगिक दोरकामाच्या संघटनेची तीन स्तरांची पद्धत अधिक खोल जाते: चार दिवसांचे प्रशिक्षण, पाचव्या दिवशी स्वतंत्र परीक्षकाकडून मूल्यमापन, आणि वरच्या प्रत्येक स्तरासाठी किमान एक वर्षाचा आणि एक हजार तासांचा नोंदवलेला अनुभव. तरीही तिचा भर औद्योगिक रचनांवर आहे. डोंगरात अँकर स्वतः शोधावा लागतो, कातळ ठोकून त्याचा आवाज ऐकावा लागतो आणि स्ट्रेचर दोन कड्यांमधल्या गचपणातून वाहून न्यावे लागते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शोध व बचावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, परंतु त्याला बसण्याआधी गिर्यारोहणाचे मूलभूत आणि प्रगत शिक्षण झालेले असावे लागते. आपण स्थानिक पथकात जरूर जा. नोंदवही ठेवणे, एकमेकांचा हार्नेस तपासणे आणि साहित्याला क्रमांक देणे या आपल्या क्षेत्रातील सवयी हौशी पथकांना फार हव्या आहेत.

प्रश्न : आमच्याकडे बारा वर्षांपूर्वीचा, जवळजवळ न वापरलेला दोर आहे. तो बचावासाठी ठेवावा का? आणि धबधब्याच्या आवाजात वॉकीटॉकी ऐकू येत नाही, तेव्हा काय करावे?
— ट्रेकिंग गटप्रमुख, लोणावळा

उत्तर : दोर ठेवू नये. बहुतेक उत्पादक नायलॉनच्या साहित्याला न वापरताही कमाल दहा वर्षे देतात. तो कापून लहान तुकडे करा आणि गाठींच्या सरावाला द्या, म्हणजे चुकूनही कोणी त्यावर उतरणार नाही. नवा दोर कधीही गाडीच्या बॅटरीजवळ ठेवू नका. आम्लाने नायलॉन आतून सडते आणि वरून काहीच दिसत नाही. प्रत्येक वापरानंतर दोर हातातून सरकवत तपासावा, मऊ किंवा चपटा भाग लागला तर तो दोर बाद करावा, आणि वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी करून तारीख नोंदवावी.

आवाजासाठी शिट्टी वापरा. बचाव पथकांत रूढ असलेले संकेत असे आहेत: एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर घ्या, तीन म्हणजे खाली सोडा, चार म्हणजे दोर मोकळा झाला, आणि लांबलचक शिट्टी म्हणजे अडचण. थांबण्याची शिट्टी पथकातील कोणीही वाजवू शकतो, अगदी नवखाही. बाकीच्या फक्त ठरलेल्या व्यक्तीने वाजवाव्यात. धबधब्याशेजारीच आणि पावसातच याचा सराव करा, कारण कोरड्या मैदानावर पाठ झालेला संकेत तिथे ऐकू येईलच असे नाही.