मिडी-टू-सीव्ही कन्व्हर्टर घरी बनवताय? सूर कुठे उतरतो ते शोधू: वाचकांची प्रश्नोत्तरे

मिडी (कुठली नोट दाबली ते आकड्यांत सांगणारी भाषा) कीबोर्डवरून ॲनालॉग सिंथ वाजवायचा म्हणून, त्या आकड्यांचं सीव्हीत म्हणजे सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर स्वतः जोडणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठलेत, त्यातले काही आज घेतोय. सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशोब आहे तो आधी सांगतो. बहुतेक सिंथमध्ये १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे एक सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग) ८३.३३ मिलीव्होल्टचा आणि एक सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) साधारण ०.८३ मिलीव्होल्टचा. तयार कानाला पाच-सहा सेंटचा फरक लगेच खटकतो. म्हणजे आपल्याला चार-पाच मिलीव्होल्टच्या आत राहायचंय, आणि तेही आपल्या जॅकवर नाही, केबलच्या पलीकडे सिंथच्या आत.

प्रश्न (नाशिक): एमसीपी४८२२ डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) आणि पुढे टीएल०७२ ओपॅम्पचा (व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपचा) दुप्पट गेन असं सर्किट आहे. मीटरवर प्रत्येक सप्तकाला बरोबर १ व्होल्ट वाढतो पण सिंथला लावलं की वरचं प्रत्येक सप्तक थोडं थोडं उतरत जातं. दोन ऑसिलेटर (सिंथमधले सूर निर्माण करणारे भाग) एकत्र जोडले तर अजूनच बेसूर. डॅक खराब आहे का?

उत्तर: डॅक ठणठणीत आहे. तुम्ही सर्किटचा फोटो पाठवलाय त्यात ओपॅम्पच्या आउटपुटनंतर १ के (१००० ओहम) चा रेझिस्टर दिसतोय आणि फीडबॅक (आउटपुट परत ओपॅम्पच्या इनपुटला दाखवणारी वायर) त्या रेझिस्टरच्या आधीच घेतलाय, सगळा घोळ तिथे आहे. सिंथचा सीव्ही इनपुट साधारण १०० के चा असतो, मग तुमचा १ के आणि त्यांचा १०० के मिळून व्होल्टेज डिव्हायडर तयार होतो आणि १ व्होल्टचे पोचतात ९९० मिलीव्होल्ट. म्हणजे दर सप्तकाला १२ सेंट गेले, तीन सप्तकं वर गेलात की ३६. दुसरा ऑसिलेटर जोडला की इनपुट ५० के झाला, घट जवळपास दुप्पट. मीटरचा स्वतःचा इनपुट १ मेगओहम किंवा त्याहून जास्त असतो त्यामुळे त्याला ही घट दिसतच नाही, तो तुम्हाला खरं तेच सांगतोय पण चुकीच्या जागेचं.

यावर लोक काय करतात तर १ के काढूनच टाकतात. ते करू नका. पॅच कॉर्ड लावता-काढताना आउटपुट शॉर्ट होतो तेव्हा तोच रेझिस्टर ओपॅम्पला वाचवतो, शिवाय लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे ओपॅम्प स्वतःच ऑसिलेट व्हायला लागू शकतो. रेझिस्टर तसाच ठेवा, फक्त फीडबॅकची वायर त्याच्या जॅककडच्या टोकावरून घ्या आणि ओपॅम्पच्या आउटपुटपासून इन्व्हर्टिंग पिनपर्यंत १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर टाका. आता ओपॅम्प जॅकवरचं व्होल्टेज बघून स्वतःच भरपाई करेल, एक ऑसिलेटर लावा नाहीतर तीन. काही जण १०० के गृहीत धरून सॉफ्टवेअरमध्ये घट भरून काढतात, मला ते अजिबात पटत नाही कारण दुसरा सिंथ लावला की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

प्रश्न (डोंबिवली): एमसीपी४७२५ डॅकचा तयार बोर्ड आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) ५ व्होल्टवर चालवतोय, यूएसबीवरून. नोट दाबली की एलईडी लागतो आणि त्याच क्षणी सूर हलतो. कोड तीनदा तपासला.

उत्तर: कोड सोडा, तो निर्दोष असणार. एमसीपी४७२५ ला वेगळा रेफरन्स (मोजमापासाठी स्थिर व्होल्टेज) नाही, जो सप्लाय द्याल तोच त्याचा मापदंड. यूएसबीचे ५ व्होल्ट कधीच नेमके ५ नसतात आणि लोड बदलला की हलतात. नुसता १ टक्का खाली आला, म्हणजे ५० मिलीव्होल्ट, तर ३ व्होल्टवरची नोट ३० मिलीव्होल्टने पडते, ते झाले ३६ सेंट. हातात तोच बोर्ड असेल तर त्याला आरईएफ०२ सारख्या ५ व्होल्ट रेफरन्स चिपवरून सप्लाय द्या, बोर्ड स्वतः फार थोडा करंट खातो त्यामुळे चालून जातं. नवीन घेणार असाल तर सरळ एमसीपी४८२२ घ्या, आत २.०४८ व्होल्टचा रेफरन्स आहे, आतला गेन दुप्पट केला की डॅकची एक पायरी, म्हणजे आकडा एकने वाढल्यावर होणारी वाढ, बरोबर १ मिलीव्होल्ट पडते आणि दोन चॅनल मिळतात. लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्याकडे साधा पिवळा साडेतीन डिजिटचा मीटर आहे. एवढ्यावर कॅलिब्रेशन होईल का? महागडा मीटर घ्यायची ऐपत नाही.

उत्तर: होतं, आणि चांगलं होतं, फक्त मोजायची पद्धत बदला. त्या मीटरला २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलीव्होल्टच्या खालचं काही दिसत नाही, म्हणजे १२ सेंटचा अंधार. पण २००० मिलीव्होल्टच्या रेंजवर तो १ मिलीव्होल्ट दाखवतो. तेव्हा जमिनीपासून मोजूच नका, दोन नोटांमधला फरक मोजा. डॅकचे दोन्ही चॅनल सारख्याच गेनने बाहेर काढा. आधी दोन्हीवर एकच नोट पाठवा, मीटरच्या दोन्ही पिना दोन आउटपुटवर ठेवा, जो काही दोन-तीन मिलीव्होल्टचा फरक दिसेल तो लिहून ठेवा, पुढे तो वजा करायचा. मग एका चॅनलवर खालचा सा आणि दुसऱ्यावर त्याच्या वरच्या सप्तकाचा सा पाठवा, १००० आलं पाहिजे. मग दोन्ही एक सप्तक वर सरकवा, पुन्हा १०००. असं वरपर्यंत जा. मीटर बॅटरीवर चालतो त्यामुळे असं दोन आउटपुटच्या मध्ये लावायला काही हरकत नाही.

गेनसाठी ओपॅम्पच्या फीडबॅकला ९.१ के आणि त्याच्या मालिकेत २ के चा मल्टीटर्न ट्रिमर (स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), खाली १० के, असं ठेवलं तर गेन दोनच्या दोन्ही बाजूंना पुरेसा हलतो आणि डॅकच्या रेफरन्समधला थोडा कमीजास्तपणा त्यात बसतो. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्मच घ्या, कार्बनचे उन्हाळ्यात सरकतात. शून्याच्या अगदी जवळ, पहिल्या १० मिलीव्होल्टमध्ये या डॅकवर भरवसा ठेवू नका, सगळ्यात खालची नोट थोडी वर धरा.

आणि क्रम पाळा, यावर माझा फार आग्रह आहे. आधी कन्व्हर्टर एकटा मीटरवर नीट करा, मग सिंथ अर्धा तास चालू ठेवून तापू द्या, आणि त्यानंतर फक्त ऑसिलेटरचा स्केल ट्रिमर कानाने किंवा ट्यूनर ॲपने लावा. दोन्हीकडचे ट्रिमर आळीपाळीने फिरवत बसलात तर एकाची चूक दुसऱ्यात झाकली जाते, आणि उद्या त्याच सिंथला दुसरा सिक्वेन्सर लावला की सगळं उघडं पडतं. मीटरची स्वतःची अर्ध्या टक्क्याची चूक उरतेच, तेवढ्यासाठी एकदा एखाद्या रिपेअरवाल्याच्या चांगल्या मीटरशी ताडून घ्या.

प्रश्न (ठाणे): एका कीबोर्डवर सगळं नीट चालतं, दुसरा लावला की नोटा अडकतात, मधेच भलतीच नोट लागते.

उत्तर: दुसरा कीबोर्ड मिडीचे नियम पूर्ण वापरतोय आणि तुमचा कोड अर्धेच वाचतोय. बरेच कीबोर्ड नोट-ऑफ पाठवतच नाहीत, त्याऐवजी व्हेलॉसिटी (नोट किती जोरात दाबली तो आकडा) ० असलेला नोट-ऑन पाठवतात, तो ऑफच धरायचा. दुसरं म्हणजे रनिंग स्टेटस, म्हणजे मेसेज कोणता ते सांगणारा स्टेटस बाइट तोच असेल तर तो पुन्हा येतच नाही, नुसत्या नोट-व्हेलॉसिटीच्या जोड्या येत राहतात, आणि कोड दर वेळी तीन बाइट मोजत असेल तर सगळं एका घराने सरकतं. तिसरं, २४८ नंबरचा क्लॉक आणि २५४ चा ॲक्टिव्ह सेन्सिंग हे बाइट एखाद्या मेसेजच्या मधोमध सुद्धा घुसू शकतात, २४८ आणि त्यावरचा कुठलाही बाइट आला तर तो बाजूला ठेवून जिथे होतात तिथूनच पुढे वाचा. हे तीन जमले की अडकणं थांबेल. जाता जाता, दाबलेल्या नोटांची यादी ठेवा, म्हणजे वरची सोडल्यावर खालची धरलेली नोट परत लागेल, मोनो सिंथवर तान घेताना याच्याशिवाय मजा नाही.

प्रश्न (पनवेल): ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारी चिप) न लावता मिडी सॉकेट थेट आर्डुइनोला जोडलं तर?

उत्तर: नको. मिडी म्हणजे ५ मिलीॲम्पचा करंट लूप, पिन ४ आणि ५ वरचा, तो ऑप्टोच्या आतला एलईडी पेटवण्यासाठीच आहे. ऑप्टोमुळे दोन यंत्रांच्या ग्राउंडचा संबंध तुटतो, तो जोडला की कॉम्प्युटरची घरघर थेट तुमच्या सुरात शिरते. त्याच कारणाने इनपुट सॉकेटची पिन २ ग्राउंडला जोडू नका. ६एन१३८ किंवा एच११एल१, २२० ओहमचा रेझिस्टर, उलटा १एन४१४८ डायोड, झालं. स्पीड ३१२५०. उनोवर कोड अपलोड करताना पिन ० वरून ऑप्टोची वायर काढा, ती पिन यूएसबीबरोबर वाटून घेतलेली असते, छोटा स्विच लावलात तर अजून बरं.

प्रश्न (सांगली): मी हार्मोनियम वाजवतो. सिंथवर भूप वाजवला की तानपुऱ्याशी गांधार भांडतो. कन्व्हर्टरमध्येच श्रुती लावता येतील का?

उत्तर: येतील, आणि खरं सांगू का, स्वतः कन्व्हर्टर बनवण्याचं मला वाटणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. तयार यंत्र बहुतेक वेळा समान बारा भागांतच वाजतं, तुमचं यंत्र तुमच्या कानाचं ऐकू शकतं. तानपुऱ्यातून येणारा गांधार ५/४ चा, तो कीबोर्डच्या गांधारापेक्षा १३.७ सेंट उतरा, म्हणजे ११.४ मिलीव्होल्ट कमी. रिषभ ९/८ धरला तर ३.३ मिलीव्होल्ट चढा, पंचम १.६ चढा. धैवत ५/३ धरला तर १३ मिलीव्होल्ट उतरा, पण भूपात काही जणांना २७/१६ चा चढा धैवत हवा असतो, तिथे तुमच्या गुरुजींचं आणि तानपुऱ्याचं ऐका, माझं नको.

कोडमध्ये बारा आकड्यांचं एक टेबल ठेवा आणि ते सा पासून मोजा, सी पासून नाही, म्हणजे काळी एक असो की पांढरी पाच, एक बटण दाबून सा बदलला की सगळं टेबल सोबत सरकतं. नोट आणि श्रुतीचा फरक दोन्ही दशांशात मिळवून शेवटी एकदाच राउंड करा, आधी राउंड करून मग बेरीज केली तर मिळवलेली श्रुती तिथेच हरवते. तुम्हाला तीन सप्तकं पुरतात, मग बाहेरचा दुप्पट गेन काढून टाका, ४.०९६ व्होल्टमध्ये चार सप्तकं बसतात आणि पायरी २ ऐवजी १ मिलीव्होल्टची राहते. कन्व्हर्टरच्या गेन ट्रिमरऐवजी सप्तकाला किती पायऱ्या लागतात तो आकडा मोजून ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा.

मींडसाठी पिच बेंडची (कीबोर्डवरच्या सूर वाकवणाऱ्या चाकाची) रेंज २ सेमीटोनवरून १२ करा. बेंड १४ बिटचा असतो, मध्य ८१९२, तिथे बारीकपणा भरपूर आहे, अडचण डॅकच्या पायऱ्यांची. हळू मींडेत पायऱ्या ऐकू आल्या तर आउटपुटच्या बफरआधी काही मिलिसेकंदांचा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) फिल्टर टाका.

प्रश्न (टोरांटो): जुना कॉर्ग एमएस-२० मिळालाय. कन्व्हर्टर लावला तर दुसऱ्या सप्तकापासून सगळं वेडंवाकडं आणि नोट कायम चालूच.

उत्तर: १९७८ चा हा सिंथ १ व्होल्टला सप्तक मानतच नाही. त्याला हर्ट्झ-पर-व्होल्ट लागतं, म्हणजे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट: १, २, ४, ८. कोडमध्ये बेरजेऐवजी गुणाकार करा, प्रत्येक सेमीटोनला १.०५९५ ने. खालच्या नोटांना डॅकचे १२ बिट (४०९६ पायऱ्या) अपुरे पडतात, पाव व्होल्टच्या आसपास २ मिलीव्होल्टची एक पायरी जवळपास १४ सेंटची होते, त्यामुळे बेस वाजवणार असाल तर १६ बिटचा डॅक घ्या. आणि ट्रिगर उलटा आहे, व्होल्टेज देऊन नाही तर ग्राउंडला शॉर्ट करून नोट सुरू होते. बीसी५४७ चा कलेक्टर जॅकच्या टोकाला, एमिटर ग्राउंडला, बेसला १० के मधून तुमचा गेट (नोट चालू-बंद सांगणारा सिग्नल), बस.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): प्रत्येक नोटेच्या सुरुवातीला बारीक घसरल्यासारखा आवाज येतो.

उत्तर: गेट आधी जातोय आणि सीव्ही मागून पोचतोय. कोडमध्ये आधी डॅकला नवीन व्होल्टेज द्या, एक-दोन मिलिसेकंद थांबा, मग गेट वर करा. तरीही घसरत असेल तर सीव्हीवरचा फिल्टरचा कपॅसिटर मोठा आहे, तो लहान करा.