घर घेताना: आधी सही, मग पैसे

या वेळी चार प्रश्न घेतले आहेत. चारही व्यवहार अजून अर्धवट आहेत, म्हणजे हात आखडता घ्यायला वाव आहे.

प्रश्न: वाकडला नव्या प्रकल्पात फ्लॅट पसंत केलाय. बिल्डर म्हणतो, रविवारपर्यंत २० टक्के भरा, भाव कमी करतो; करारनाम्याचं दोन महिन्यांनी बघू. भरावेत का?

भरू नका. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) कलम १३ नुसार, करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. बुकिंगची पावती किंवा अलॉटमेंट लेटर म्हणजे नोंदणीकृत करारनामा नव्हे. मसुदा आजच मागा. तो येईपर्यंत महारेराच्या (हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख, जमिनीवरचा बोजा (कर्ज, गहाण) आणि चालू दावे बघून घ्या. विक्री कार्यालयात तोंडी सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख जुळत नसेल, तर ताब्याची कोणती तारीख करारनाम्यात येणार ते लेखी घ्या. ताबा रखडला तर व्याज किंवा परतावा मागताना तीच तारीख धरली जाते.

प्रश्न: डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट बघितला. मूळ मालक चार वर्षांपूर्वी वारले. पत्नी नॉमिनी होत्या, शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं नाव चढलंय. दोन मुली आहेत, एक कॅनडात. एजंट म्हणतो, कागद क्लिअर आहेत. विसार देऊ का?

अजून नको. शेअर सर्टिफिकेट उलटून बघा. मागच्या बाजूला हस्तांतराच्या रकान्यात पत्नीचं नाव, तारीख, सेक्रेटरीची सही आणि सोसायटीचा शिक्का दिसेल. ही सोसायटीच्या सभासदत्वाची नोंद आहे, मालकी हक्काचा पुरावा नाही. नॉमिनीने मालमत्ता वारसांच्या वतीने सांभाळायची असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

मृत्युपत्र नसेल आणि कुटुंब हिंदू असेल, तर पत्नी आणि दोन्ही मुली समान हिश्श्याच्या वारस. मुलींची लग्नं झाल्याने काही फरक पडत नाही. आता एक प्रश्न जरूर विचारा, जो भले भले विसरतात: मालक वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का? असेल तर तीही तितक्याच हिश्श्याची वारस. ती नंतर गेली असेल, तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे गेला, म्हणजे विकणाऱ्या बाईंचे दीर-नणंदाही चित्रात येतात. अशा विसरलेल्या हिश्श्यापायी पुढे दावे उभे राहतात आणि राहत्या घरावर कोर्टाची नोटीस येते. खरेदीदाराची काडीची चूक नसते, तरी भोग त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून मृत्यूचे दाखले मागताना संकोच करू नका.

वाट दोन प्रकारे निघते. सगळ्या वारसांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या. किंवा मुलींनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचं आणि मग आईने एकटीने विकायचं. मोबदला न घेता केलेल्या अशा हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. कॅनडातल्या मुलीला येणं जमत नसेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने दुसऱ्याला सही करायचा अधिकार देणारा दस्त) करता येतं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ती स्वतः विक्रेती म्हणून राहणार असेल आणि अनिवासी असेल, तर तिच्या हिश्श्यावरच्या टीडीएसचे (विक्रेत्याला पैसे देतानाच खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा आयकर) नियम वेगळे आहेत, दरही चढा. तेव्हा सीएला आधी विचारा.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दोन्ही कराच. पण नोटिशीला हरकत आली नाही म्हणजे वारसाची सही मिळाली, असं होत नाही.

प्रश्न: फ्लॅट ७२ लाखांचा, आम्ही नवरा-बायको मिळून घेतोय. प्रत्येकी ३६ लाख, मग टीडीएस लागणार नाही ना?

लागेल. ५० लाखांची मर्यादा पूर्ण व्यवहाराला आहे. खरेदीदार कितीही असोत, रक्कम एकत्रच धरायची, हे १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच स्पष्ट केलंय. विक्रेता निवासी असेल तर १ टक्का, म्हणजे ७२ हजार कापून त्याच्या पॅनवर भरा. मुदत, कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवस. मुद्रांक शुल्कासाठीचं सरकारी मूल्यांकन ७२ लाखांहून जास्त निघालं, तर टीडीएसही त्या मोठ्या रकमेवरच.

प्रश्न: विकणाऱ्याचं गृहकर्ज अजून फिटलेलं नाही. मूळ कागद बँकेत आहेत. तो म्हणतो, पैसे माझ्या खात्यात टाका, मी कर्ज फेडतो.

त्याच्या बचत खात्यात नको. त्याच्या बँकेकडून कर्जाच्या शिल्लक रकमेचं पत्र आणि बँकेत जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. तेवढी रक्कम थेट कर्जखात्याच्या नावे चेकने द्या, आणि हे साठेखतातच (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) लिहून घ्या. बाकीची रक्कम कागद हाती आल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद यादीशी ताडून घ्या. आधीच्या विक्रीचे करारनामे आणि नोंदणीच्या पावत्या एकेक करून मोजा. एखादा कमी असेल तर बँकेकडून ते लेखी घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.