मंदीत रेट पाडू का?

"मॅडम, रेट पाडू का?" बाजार थंडावला की फोटोग्राफीवर घर चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. मागोमाग दुसरं वाक्य असतं, "नाही पाडला तर काम मिळणार नाही, आणि पाडला तर माझी किंमत राहणार नाही." समुपदेशक म्हणून माझं काम सुरू होतं ते या दुसऱ्या वाक्यापाशी.

अशाच एका फोटोग्राफरचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख लपवून सांगते. लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम, प्रॉडक्ट शूट, सगळं छान चाललेलं. मंदी आली तशी कंपन्यांनी आधी फोटोंवरच्या खर्चाला कात्री लावली, लग्नंही आटोपशीर झाली. कॅमेरा आणि लेन्सचे हप्ते मात्र तेवढेच राहिले. झोप उडाली, घरात चिडचिड सुरू झाली. "मी संपलो," हे दर भेटीत ऐकू यायचं.

सुरुवातीच्या भेटी ऐकून घेण्यातच गेल्या. मग एकदा मी म्हटलं, "अलीकडे ज्यांनी चौकशी केली, त्यांना काय उत्तर दिलंत ते मोबाइलमधून वाचून दाखवा."

ते वाचू लागले. "नमस्कार, तारीख मोकळी आहे. सध्याची परिस्थिती बघता रेटचं आपण जमवून घेऊ." दुसरा मेसेजही जवळपास तसाच. तिसऱ्यात तर थेट निम्मा आकडा.

"यातल्या कोणी सूट मागितली होती?"

ते स्क्रोल करत वर गेले. एकाने फक्त तारीख विचारली होती. एका बाईंनी अल्बम कधी मिळेल असं विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर यांनी दिलंच नव्हतं. बराच वेळ ते स्क्रीनकडे बघत राहिले. मीही काही बोलले नाही.

"म्हणजे घासाघीस मी एकटाच करतोय," ते म्हणाले.

हे मला कधीच दिसलं होतं. पण ते वाक्य त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि तोवर मी थांबले याचं मला फार समाधान आहे.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमारास जी मांडणी केली, तिच्यावर माझी भिस्त आहे. ती सांगते, इच्छा वेगळी आणि सक्ती वेगळी. काम मिळावं, ही झाली इच्छा. मिळालंच पाहिजे, नाहीतर मी नालायक, ही स्वतःवरची सक्ती. मंदी खरी होती, हप्ते खरे होते. नालायकपणा मात्र यांनी स्वतःच त्यात मिसळला होता. तो बाजूला काढल्यावर रेट हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न उरला आणि त्यांनी तो स्वतःच सोडवला: रेट तोच, काम लहान. पूर्ण दिवसाऐवजी थोडे तास, एडिट केलेले फोटो मोजके, अल्बमचे पैसे वेगळे. तेवढंच काम निम्म्या पैशांत केलं की मनात राग साठतो आणि तो कामात उतरतो, म्हणून मलाही हाच मार्ग बरा वाटतो.

थकलेली बाकी मागणं त्यांना सगळ्यात जड गेलं. "सॉरी, त्रास देतोय" असं म्हटल्याशिवाय त्यांना बोलताच येईना. आम्ही ते वाक्य घोटवलं: "शूटची उरलेली रक्कम या आठवड्यात पाठवाल का?" बस, एवढंच. केलेल्या कामाचे पैसे मागताना माफी कशाला?

रिकाम्या दिवसांकडेही लक्ष द्या. ऑस्ट्रियातल्या मारिएनथालची गिरणी बंद पडल्यावर तिथल्या बेकारांचा अभ्यास समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३मध्ये प्रसिद्ध केला. हाताशी वेळच वेळ असूनही लोकांचं वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं होतं, रस्त्यातली चालसुद्धा मंदावली होती. म्हणून शूट नसलं तरी सकाळची ठरलेली वेळ कामालाच द्या: जुन्या ग्राहकांना फोन, पोर्टफोलिओची निवड, बॅकअप. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधीच बँकेशी बोला.

आणि झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. घरच्या कोणाला तरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊन ताबडतोब मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.