आधी पिशवी, मग बाळ

पोरी,

तुझं पत्र मिळालं. विषय प्रवासाचा लिहिलायस, पण निम्मे प्रश्न घरातलेच आहेत. बाळाला कडेवर घेऊ का, त्यानं पाय मारला तर काय, रात्री पाजताना पोटावरची शीची पिशवी भरली तर उठू कशी. म्हणून घरापासून सुरुवात करते. घरात जमलं की बाहेर जमवणं फार अवघड नसतं.

तान्ह्या मुलाच्या आईच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असतं, ‘थांब, आधी बाळाचं आवरते.’ जेवण, अंघोळ, झोप, सगळं त्या वाक्यामागे रांगेत उभं असतं. बाकीच्या बायकांचं त्यात निभावतं. इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून शी पिशवीत घ्यायची सोय, असलेल्या बाईचं निभावत नाही. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, हे नर्सनं तुला सांगितलं असेलच. ती तशीच ठेवलीस की वजनानं बेसप्लेट (पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती) ओढली जाते, एक कड सुटते आणि मग तुझे कपडे, चादर, बाळाचं अंगडं, सगळंच बदलावं लागतं. पाच मिनिटं वाचवायला जावं आणि तासभर घालवावा, असं होतं. पाळण्यात सुरक्षित ठेवलेलं मूल पाच मिनिटं रडलं तर त्याचं काही बिघडत नाही. रात्री बाळ उठलं की आधी बाथरूम, मग दूध. पहिले काही दिवस त्याचं रडणं ऐकत पिशवी रिकामी करताना जीव कासावीस होईल, होऊ दे.

आता कडेवर घेण्याचं. स्टोमा, म्हणजे आतड्याचं पोटावर उघडणारं तोंड, पोटाच्या स्नायूंमधून बाहेर काढलेला असतो, त्यामुळे तिथली भिंत कायमची थोडी कमकुवत असते. स्टोमाशेजारी हर्निया होणं ही मुळीच दुर्मिळ गोष्ट नाही. शस्त्रक्रियेनंतर किमान ६ ते ८ आठवडे जड उचलायचं नाही असं सांगतात. तुझी मुदत तुझ्या सर्जनकडूनच घे आणि बाळाचं वजन त्यांना किलोत सांगून विचार. ‘जड’ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर स्वतःचं मूल येतच नाही. मुदत संपल्यावरही जमिनीवरून वाकून उचलू नकोस. खुर्चीवर किंवा पलंगावर बस आणि त्याला तुझ्याकडे चढू दे. कडेवर घेताना स्टोमा नसलेली बाजू. खोकला किंवा शिंक आली की स्टोमावर हाताचा आधार. पोटाचा पट्टा वापरायचा असेल तर स्टोमा नर्सकडून माप घेऊनच, कारण चुकीच्या जागी आवळणारा पट्टा पिशवीत जायची वाट अडवतो आणि शी बेसप्लेटखाली शिरते.

पाय मारल्याची भीती मात्र मनातून काढ. स्टोमा म्हणजे आतडंच. त्याला आपल्या कातडीसारखी वेदना कळत नाही. दुखत नाही ही सोय, पण इजा झाली तरी ती कळत नाही, ही अडचण. म्हणून पिशवी बदलताना नीट बघत जा. रंग गालाच्या आतल्या बाजूसारखा लालसर-गुलाबी आणि ओला हवा. पुसताना रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नकोस. रक्त थांबतच नसेल, किंवा रंग जांभळट-काळा दिसत असेल, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठ.

मूल रांगायला लागलं की पिशवी ओढून बघणारच. कमरेच्या वरपर्यंत येणारे कपडे आणि आतून रुंद पट्टी एवढ्यानं बहुतेक भागतं. पण त्याच्यापासून ती लपवण्यात शक्ती घालवू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. समजायला लागल्यावर एका वाक्यात सांग: आईचं पोट आजारी होतं, डॉक्टरांनी शी बाहेर यायला दुसरी वाट करून दिली. मुलं ‘बरं’ म्हणून खेळायला जातात. एवढी तयारी मात्र ठेव की एक दिवस ते भर बागेत, मोठ्या अभिमानानं, ‘माझी आई पिशवीत शी करते’ असं जाहीर करेल. माझ्या धाकटीनं ते केलं. मोठ्या माणसांनी मला जे प्रश्न विचारलेत त्यांच्या मानानं ते फारच सभ्य होतं.

आणखी एक. घरातल्या एका मोठ्या माणसाला तुझी पिशवी बदलता आली पाहिजे. नवऱ्यानं शिकलं तर उत्तम. तू तापानं फणफणलेली असशील आणि बाळ रडत असेल, त्या दिवशी हे शिकवत बसायला वेळ नसतो.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तरुण आया इथेच आडव्या होतात. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत शोषून घेतं. इलिओस्टॉमीत तो टप्पाच वगळला जातो. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली बाहेर पडतं. दीड लिटरच्या पुढे गेलं की शरीर कोरडं पडायला लागतं. त्यात तू अंगावर पाजतेस, म्हणजे दोघांचं पाणी तुझ्यातूनच जाणार. तहान लागली की आपण तांब्याभर साधं पाणी घटाघटा पितो. स्टोमा जास्त वाहत असताना त्यानं उलटंच होतं; साधं पाणी शरीरातलं मीठ आतड्यात ओढून घेतं आणि दोन्ही पिशवीत जातात. तिथे ओआरएस लागतं. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र असले की आतड्याची भिंत दोन्ही आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव आणि घोट घोट पी. काहींना डॉक्टर जास्त मिठाचं द्रावण देतात, ते विचारून घे. लघवी गडद आणि थोडी होणं, तोंड सुकणं, पायांत गोळे, उठताना चक्कर ही लक्षणं. ‘बाळंतपणाचा थकवा असेल’ म्हणून ही लक्षणं बाजूला सारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना सलाईन लावलेलंही पाहिलंय. बाळाला पाजायला बसलीस की तुझा ग्लास हाताशी हवा.

औषधांचं थोडक्यात: वरून खास आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधीकधी जशाच्या तशा पिशवीत येतात. गर्भनिरोधक गोळी साधारणपणे शोषली जाते, पण उलट्या होत असतील किंवा स्टोमा फार वाहत असेल तर तिच्यावर विसंबू नकोस. कुठलंही नवं औषध लिहून घेताना ‘मला इलिओस्टॉमी आहे’ हे पहिलं वाक्य असू दे. आणि पोट साफ होण्याचं औषध, म्हणजे रेचक, कुणीही दिलं तरी घ्यायचं नाही.

आता प्रवास. तू लिहिलंयस की दाराबाहेर पाऊल टाकायचीच भीती वाटते. तुझ्या पोटावरची चिकटणारी पिशवी याच भीतीपोटी जन्माला आली. डेन्मार्कमधली नर्स एलिसे सोरेन्सन हिच्या बहिणीला, थोराला, बत्तिसाव्या वर्षी स्टोमा झाला, आणि गळतीच्या धास्तीनं तिनं घराबाहेर जाणंच सोडलं. १९५४ मध्ये एलिसेला कल्पना सुचली ती अंगाला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची. त्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये नॉर्मा गिल नावाच्या एका आईची इलिओस्टॉमी झाली. १९५८ पासून ती तिथेच इतर रुग्णांना शिकवू लागली, आणि स्टोमा थेरपिस्ट हा पेशा तिच्यापासून सुरू झाला. तेव्हा पिशवी लावून बाहेर पडायचं की नाही हा प्रश्न तुझ्या आधी दोन बायकांनी सोडवून ठेवलाय. तुला फक्त सामान नीट भरायचंय.

लागेल त्याच्या दुप्पट सामान घे आणि दोन बॅगांत वाट. विमानानं जात असशील तर तुझ्याजवळच्या बॅगेत पुरेसा साठा हवा, चेक-इनच्या सामानात सगळं टाकायचं नाही. एका बदलाचं सामान (बेसप्लेट, पिशवी, पुसायला कोरडं कापड, कचऱ्याची पिशवी, एक जोडी कपडे) छोट्या बटव्यात घालून तो स्वतःच्या खांद्याला लाव. बाळाच्या सामानात मुळीच ठेवू नकोस. बाळाची बॅग बाबाच्या खांद्यावर, बाबा रांगेत पुढे आणि तू बाथरूममध्ये, असं ठरल्यासारखं होतं. बाळाचे ओले वाइप्स तर स्टोमाभोवती अजिबात वापरायचे नाहीत. त्यांतल्या तेलाचा आणि लोशनचा थर राहतो आणि बेसप्लेट धरत नाही. साधं पाणी आणि कोरडं कापड पुरतं. बाळाच्या लंगोटांसाठीच्या कचऱ्याच्या पिशव्या मात्र खुशाल वापर.

लंगोट बदलायची खोली तुझ्यासाठीही सोयीची असते: जागा असते, फळी असते, बेसिन असतं, आतून कडी असते. तिथेही आधी तू, मग बाळ. आधी बाळाला स्वच्छ केलंस तर ते तुझ्या पिशवीची वेळ येईपर्यंत पुन्हा भिजवून ठेवेल.

विमानात केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. वायू प्रसरण पावतो, पिशवी फुगते, पण फुटत नाही. अडचण वेगळीच आहे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बाळाच्या कानांसाठी त्याला पाजायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच पट्टा बांधून बसावं लागतं. म्हणून चढण्याआधी एकदा आणि विमान उतरू लागण्याच्या बरंच आधी एकदा पिशवी रिकामी करून ये, भरली असो वा नसो. बाथरूमजवळची, मधल्या वाटेकडची जागा माग. बेसप्लेटची भोकं स्टोमाच्या मापानं घरीच कापून ने, म्हणजे कात्रीवरून वाद नको. स्कॅनरवर पिशवी दिसते, तेव्हा आधीच सांगून टाक. काही ठिकाणी कपड्यावरून पिशवीवर स्वतःच हात ठेवायला सांगून त्या हाताची तपासणी करतात. उघडून दाखवायची किंवा काढायची गरज नसते. आडोशाची खोली मागायला संकोचू नकोस. डॉक्टरांचं पत्र जवळ असलं की बोलणं लवकर संपतं.

गाडीत पट्ट्याचा खालचा भाग स्टोमाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसव. तो सैल सोडायचा नाही. उन्हात उभ्या गाडीत बेसप्लेट ठेवू नकोस, डिंक मऊ होऊन निकामी होतो. उकाड्यात घामानं बेसप्लेट लवकर सुटते, तेव्हा नेहमीपेक्षा एखादा दिवस आधी बदल. मुलाला घेऊन पाण्यात उतरायचं असेल तर नवी बेसप्लेट किमान तासभर आधी लाव आणि पिशवीच्या फिल्टरवर, म्हणजे वायू बाहेर जायच्या भोकावर, सोबतचं स्टिकर चिकटव.

पिशवी भरू नये म्हणून प्रवासात उपाशी राहायचं हा विचार तुझ्या मनात येईलच, तुझ्या पत्रात तो डोकावतोय. रिकाम्या आतड्यात वायू वाढतो आणि जे येतं ते पाण्यासारखं येतं. वेळेवर, थोडं थोडं खा. सुकामेवा, मक्याच्या लाह्या, अळंबी यांसारखे चिवट पदार्थ फार चावून, किंवा प्रवासात नकोतच. चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळा आहेत, उलटी होतेय, तर आतडं अडलंय असं समजून डॉक्टरांकडे जा. बाळाला कुणाकडे ठेवायचं याचा विचार वाटेत कर.

पहिला प्रवास लहान कर, संध्याकाळी घरी परतता येईल एवढा. पण ‘मन तयार झालं की जाऊ’ असं म्हणत बसू नकोस. मन मागाहून तयार होतं.

दुसऱ्या मुलाचं तू अगदी शेवटी, एका ओळीत विचारलंयस. होतं. स्टोमा असलेल्या कितीतरी बायका नैसर्गिक पद्धतीनं बाळंत होतात. सिझेरियनचा निर्णय मूळ आजार आणि आधीची शस्त्रक्रिया बघून घेतात. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी दिवस राहायला वेळ लागतो, म्हणून सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांशी आधी बोल. पोट वाढतं तसा स्टोमाचा आकार बदलतो, भोक मोठं कापावं लागतं, आणि शेवटच्या महिन्यांत खाली बघून दिसेनासं झालं की आरसा लागतो. बाळंतपणानंतर माप पुन्हा उतरतं, तेव्हा जुन्या मापाच्या बेसप्लेट आधीच ढीगभर कापून ठेवू नकोस.

तुझी पिशवी एकसंध आहे की दोन भागांची, ते लिहायचं राहिलंय. स्टोमाचं सध्याचं माप मिलिमीटरमध्ये आणि बेसप्लेट किती दिवस टिकते तेही कळव. कड सुटते ती कुठल्या बाजूनं हे बघून ठेव. त्यावरून पुढचं सांगता येईल.

तुझी
मावशी