बारावीनंतरचा प्रवेश : गुणपत्रिकेआधी दाखल्यांची फाइल

दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. टक्क्यांची काळजी सगळ्याच घरांत असते. पण पुण्यातली हातातोंडाशी आलेली जागा गेली, तर कारण पुष्कळदा गुणांचं नसतं. एखादा दाखला वेळेत आलेला नसतो, नाहीतर एखादं बटण दाबायचं राहून गेलेलं असतं.

मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही ओबीसी, जातीचा दाखला आहे. ती जेईई आणि एमएचटी-सीईटी दोन्ही देणार आहे. बाकीचे दाखले निकालानंतर काढले तर चालतील का? (एक वडील, हडपसर)

नाही चालणार. निदान एका दाखल्याच्या बाबतीत तर नाहीच, आणि तो म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेतली ‘व्हॅलिडिटी’. जातीचा दाखला म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे. व्हॅलिडिटी जिल्हा जात पडताळणी समिती देते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा आणि कॉलेजच्या सही-शिक्क्याची पत्रं जोडायची असतात. अकरावी संपताना अर्ज गेला तर उत्तम. बारावीची दिवाळी उलटली तरी अर्ज गेलेला नसेल, तर उशीर झालाच म्हणायचा.

वेळ जातो तो पुराव्यात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे आजोबा-पणजोबांचे कागद शोधायचे : शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुनं खरेदीखत. मोडीतला कागद मिळाला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागदाच्या प्रमाणित प्रतीसह जोडा. वडील, सख्खे काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाला आधी व्हॅलिडिटी मिळाली असेल, तर वंशावळीच्या शपथपत्रासोबत ती जरूर लावा, काम बरंच सोपं होतं. आईच्या माहेरचे कागद मात्र उपयोगी पडत नाहीत, कारण पाहिलं जातं ते पितृकुळ. आणखी एक : अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाका. अर्ज सायबर कॅफेतून भरला आणि नंबरही त्यांचाच दिला, तर समितीने काढलेल्या त्रुटीचा मेसेज तिकडेच पडून राहतो आणि इकडे घरचे महिनोन्‌महिने वाट बघत बसतात.

दुसरा दाखला नॉन-क्रिमीलेयरचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा. राज्याच्या प्रवेशासाठी त्यावरची ‘वैध’ तारीख वाचा. २०२६-२७चा प्रवेश असेल तर तो ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवा. जेईईमधून एनआयटी, आयआयटीसाठी जोसाच्या, म्हणजे केंद्राच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्यांत उतरायचं असेल, तर हा दाखला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला (ओबीसी-एनसीएल) लागतो, तोही प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही बघा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही. एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र असतं आणि सीईटीही तोंडावर आलेली असते, त्यामुळे तहसील आणि सेतूची धावपळ मुलीवर न टाकता घरातल्या मोठ्यांनी करावी. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्याचंही असंच आहे : राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा, आणि मुदत त्या आर्थिक वर्षापुरती.

उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत ही माफी लागू नाही. प्रॉस्पेक्टस घ्यायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा.

आणि नाव. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा. आधारवर ‘श्रुती’चं इंग्रजी स्पेलिंग एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं असेल, तर आधी आधार दुरुस्त करा, मगच बाकीचे दाखले काढा. उलट क्रमाने केलंत तर सगळे दाखले पुन्हा काढावे लागतात.

मुलाचा एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल बरा आहे. पण ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, यावर प्रत्येक क्लासवाला वेगळं सांगतो. (एक आई, चिंचवड)

नियम एकच : ज्या क्रमाने कॉलेज आणि शाखा खरोखर हवी आहे, त्याच क्रमाने भरा. ‘मिळणार नाही, मग वर कशाला टाकायचं?’ असा विचार करून खालचं कॉलेज वर ओढू नका. वाटप गुणवत्ता क्रमांकावर होतं. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

उलटी चूक मात्र महागात पडते. २०२५च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर तो आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्का, होत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तेच. फ्रीझ झालेली जागा घेतली नाही, तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वरच्या सहांत ‘असू दे, बघू’ म्हणून टाकलेलं एकही नाव नको. हे आकडे दर वर्षी माहितीपुस्तिकेत तपासा, नियम बदलतात.

गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या वाचताना नुसत्या पर्सेंटाइलवर जाऊ नका. परीक्षार्थी वाढले की त्याच पर्सेंटाइलचा गुणवत्ता क्रमांक खाली सरकतो. यादीत क्रमांक आणि पर्सेंटाइल दोन्ही छापलेले असतात, तुलना क्रमांकाशी करा. स्तंभांच्या डोक्यावरचे संकेतही समजून घ्या : ‘जी’ म्हणजे मुलगा-मुलगी दोघांसाठीची सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठीची जागा, आणि शेवटी ‘एच’ असेल तर होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ असेल तर बाहेरची, ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा चॉइस कोड वेगळा असतो. त्याच कॉलेजची तीच शाखा दोन ओळींत दिसते, हवी असल्यास दोन्ही ओळी भरा आणि टीएफडब्ल्यूएसची वर ठेवा.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून झाली यावर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. मुलगा राहतो चिंचवडला, पण क्लासच्या सोयीने बारावीचं नाव कागदोपत्री दुसऱ्याच विभागातल्या ज्युनिअर कॉलेजात घातलं असेल, तर पुण्यातल्या होम युनिव्हर्सिटीच्या जागांवर पाणी सोडावं लागतं. हे कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. अकरावीत असलेल्यांनी हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा.

फॉर्म भरून झाला की ‘कन्फर्म’ करा. सेव्ह केलेला, पण कन्फर्म न केलेला फॉर्म वाटपात धरलाच जात नाही. कन्फर्म झालेल्या फॉर्मची पीडीएफ उतरवून ठेवा आणि पासवर्ड कोणालाही देऊ नका, क्लासच्या ऑफिसलाही नाही.

इंजिनिअरिंग, मेडिकल नको. बीबीए की बीकॉम हे ठरायचं आहे, शिवाय शुद्ध विज्ञानही आवडतं. सगळीकडे परीक्षा आहेत का? (बारावीची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. त्या अर्जाची तारीख बारावीच्या परीक्षेच्या गडबडीत निघून जाते, म्हणून आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेव. बीकॉमसाठी ती सीईटी लागत नाही. तिथे कॉलेजची स्वतःची प्रक्रिया असते, त्यामुळे बीएमसीसी, एसपी अशा कॉलेजांची संकेतस्थळं एकेक करून पाहावी लागतील. अभिमत विद्यापीठांच्या परीक्षा आणखी वेगळ्या.

शुद्ध विज्ञान मनापासून आवडत असेल, तर पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची आयएटी ही प्रवेश परीक्षा दे. साठ प्रश्न, तीन तास. जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांचे पंधरा-पंधरा प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. बारावीला चारपैकी एखादा विषय घेतला नसला तरी पेपर तोच, त्यामुळे त्या विषयाचा अकरावीचा पाया उजळून जा.

मुलाला बारावीनंतरच परदेशी पाठवायचं आहे, अमेरिका किंवा जर्मनी. स्टेट बोर्डाच्या मुलांना काय अडतं? (एक पालक, औंध)

अमेरिकेसाठी अडतं ते कागदांच्या मालकीवर. तिथल्या कॉलेजांना नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण हवे असतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि पुढची दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट दोन ठिकाणांहून आणायची. बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत ‘काउन्सेलर’ हे पदच नसतं. मग अर्जातला काउन्सेलरचा भाग प्राचार्य किंवा उपप्राचार्यांनी भरायचा असतो, शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून. त्यांना हे काम नवीन असेल, तर जूनमध्येच नमुना दाखवून, बसून समजावून सांगा. शिफारसपत्रात ‘आज्ञाधारक व कष्टाळू’ एवढंच आलं तर त्याचा उपयोग नाही. शिक्षकांना मुलाने केलेल्या एखाद्या प्रयोगाची, प्रकल्पाची आठवण लेखी करून द्या.

कॉमन अॅप, म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं संकेतस्थळ, १ ऑगस्टला उघडतं. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, कॉलेजं वीसपर्यंत. लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जांची १ जानेवारीच्या आसपास. म्हणजे सहामाही, दिवाळी आणि पूर्वपरीक्षा यांच्या मधेच. निबंधाचा पहिला खर्डा बारावी सुरू होण्याआधीच्या सुट्टीत व्हायला हवा. आमच्या मते वीस अर्ज म्हणजे फीची आणि झोपेची नासाडी. आठ-दहा नीट केलेले पुरतात.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. अर्जात गुणपत्रिका बघून नाव भरलं की ‘कुलकर्णी’ हे पहिलं नाव होऊन बसतं. परदेशच्या अर्जांत सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा.

जर्मनीत नुसत्या बारावीवर पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्डची पात्रता, भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठातलं एक पूर्ण वर्ष, किंवा तिथलं श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, असे मार्ग आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय शिक्षणाचा व्हिसा होत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, आधी ठेवावे लागतात. २०२४मध्ये ही रक्कम वाढली होती, भरताना ताजा आकडा पाहा. पदवी जर्मन भाषेतून करायची असेल तर भाषेला दीड-दोन वर्षं द्या. बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात दहावीच्या सुट्टीतच नाव घालावं.

मुलगा लातूरहून पुण्यात कॉलेजला येतोय. हॉस्टेल नाही मिळालं तर? आणि शिष्यवृत्तीचे पैसे त्याच्या खात्यात येतील ना? (एक आई)

हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो. प्रवेश झाला त्याच दिवशी चौकशी करा. फ्लॅट घेतलात तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुलाला अठरा पूर्ण नसतील तर करार पालकाच्या नावे करावा. करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या : डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगकामाचे पैसे कापणार का, आणि नोटीस किती दिवसांची. राहायला जाल त्या दिवशी महावितरणच्या मीटरच्या रीडिंगचा आणि भिंती-नळांचा फोटो काढून मालकाला पाठवा. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेतली तर, सहसा करार नसतो, तिथे निदान डिपॉझिट ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. मेस लावताना ‘खाडे धरता का, आणि सलग किती दिवसांचे?’ हे विचारून घ्या. सणांना गावी गेल्यावर तेच पैसे वाचतात. कॉलेज मेट्रोच्या वाटेवर असेल तर विद्यार्थी पास काढा, भाड्यात ३० टक्के सवलत आहे.

घर सोडण्यापूर्वी त्याला स्वतःचा वरण-भात, कपडे, आणि औषधांची नावं एवढं यायला हवं. चालू औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो त्याच्या फोनमध्ये असू द्या.

शिष्यवृत्तीचं : महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते पुष्कळदा शाळेत असताना काढलेलं आणि आता बंद पडलेलं खातं असतं. अठरा पूर्ण झाल्यावर लहानपणी काढलेल्या (अज्ञान) खात्याची केवायसी नव्याने करावी लागते, ती राहिली तर व्यवहार अडतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. कोणत्या बँकेचं नाव दिसतं आणि ते खातं चालू आहे का, हे बघा. नसेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. हे सगळं महाडीबीटीचा अर्ज भरण्याआधी, लातूरलाच उरकून घ्या.